खुलासा: स्टीलची बॅकप्लेट प्रत्येकासाठी नाही

स्कूबा डायव्हरच्या पाठीवर सिलिंडर ज्या धातूच्या पाटीला बांधतात, त्या बॅकप्लेटबद्दल 'बॅकप्लेट घ्यायची तर स्टीलचीच, जितकी जड तितकी चांगली' असा सल्ला सध्या फिरतो आहे. तो अर्धाच खरा आहे.

स्टीलची प्लेट साधारण पावणेतीन किलोची असते, ॲल्युमिनियमची एक किलोच्या आसपास. पाण्यात स्टीलचं वजन जेमतेम आठव्या भागाने घटतं, ॲल्युमिनियमचं तिसऱ्या हिश्शाहून जास्त. त्यामुळे जाड वेटसूट किंवा ड्रायसूट (थंडीपासून वाचवणारे, पण अंगाला तरंगवणारे पोशाख) घालणाऱ्याच्या, पाण्याखाली जाण्यासाठी कमरेला बांधलेल्या पट्ट्यातलं शिसं स्टीलमुळे खरंच कमी होतं, आणि वजन पाठीवर नीट पसरतं.

पण पातळ सूट आणि स्टीलचा सिलिंडर असेल, तर तीच प्लेट धोक्याची ठरू शकते. डाइव्हच्या सुरुवातीला भरलेल्या सिलिंडरमधल्या हवेचंच वजन अडीच-तीन किलो असतं. अशा वेळी विंग (डायव्हरला तरंगत ठेवणारी हवेची पिशवी) फाटली तर वर येण्यासाठी टाकून द्यायला शिसं हवं. प्लेट पाण्यात काढून टाकता येत नाही! नवशिक्यांना हे कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून आधी सूट आणि सिलिंडर ठरवा, जवळजवळ रिकाम्या सिलिंडरने पाण्यात उतरून किती वजन लागतं याची चाचणी घ्या. एकूण शिसं स्टीलच्या प्लेटच्या वजनाहून कमी लागत असेल, तर ॲल्युमिनियमच घ्या. प्रवासाच्या बॅगेतही ती हलकी पडते.