300 बिग बेट्स कोणाला पुरतात?

लिमिट होल्डेम, म्हणजे बेटची (डावावर लावायची) रक्कम आधीच ठरलेली असते तो पोकर, शिकू लागलेल्या माणसाला कुणी ना कुणी हा सल्ला देतंच: 300 बिग बेट्स, म्हणजे टेबलावरच्या मोठ्या बेटच्या 300 पट पैसे, बाजूला काढ, मग लहान टेबलावर तू बुडत नाहीस. सोबत तीन कारणंही मिळतात. बेट ठरलेली, म्हणून चढउतार कमी. समोरचे खेळाडू कच्चे. आणि रोजच्या तोट्याला मर्यादा घातली की बँकरोल, म्हणजे खेळासाठी बाजूला ठेवलेले पैसे, सुरक्षित. यावर विसंबून लोक खरे पैसे घेऊन बसतात, म्हणून मला हे गप्प बसून ऐकवत नाही.

आधी तो आकडा. 2-4 च्या टेबलावर पहिल्या दोन फेऱ्यांत बेट 2 ची, नंतरच्या दोन फेऱ्यांत 4 ची. म्हणजे बिग बेट 4 ची आणि 300 बिग बेट्स म्हणजे 1200. हे पुरतील का, ते तुम्ही तासाला सरासरी किती कमावता यावर ठरतं. प्रत्यक्ष टेबलावर तासाच्या निकालाचं प्रमाण विचलन, म्हणजे निकाल सरासरीपासून साधारण किती लांब जातो ते, 10 बिग बेट्सच्या आसपास धरतात. त्या हिशेबाने तासाला 1 बिग बेट कमावणारा 300 वर बुडण्याची शक्यता पाव टक्का. अर्धी बिग बेट कमावणाऱ्याची 5 टक्के. तासाला 0.2 कमावणाऱ्याची मात्र 30 टक्के! आणि ज्याची सरासरी कमाई शून्य किंवा उणे, तो खेळत राहिला तर कितीही मोठा बँकरोल घेऊन आला तरी आज ना उद्या बुडणारच. एकच आकडा, आणि चार माणसांसाठी त्याचे चार वेगळे अर्थ.

बरं, आपण यातले नेमके कोण हे कळतं कसं? इथे खरी अडचण आहे. 100 तास खेळल्यावर तुमच्या सरासरीत 1 बिग बेटची चूक सहज असू शकते. 400 तासांनंतरही अर्ध्या बेटची. वहीत तासाला अर्धी बेट नफा दिसतो, पण खरी सरासरी शून्य असू शकते किंवा एकही असू शकते. दोन महिने बरे गेले म्हणून स्वतःला तासाला 1 बेटवाला समजणं हीच सगळ्यात महागात पडणारी चूक. कमाईचा अंदाज कमीच धरा आणि 5 टक्क्यांच्या जोखमीसाठी 150 ला त्या अंदाजाने भागा: पाव बेट धरली तर 600 बिग बेट्स लागतात.

बेट ठरलेली असते हे खरं. एका फेरीत एक बेट आणि तीन रेझ (बेट वाढवणं) अशी मर्यादा असली, तर चारही फेऱ्या पूर्ण चढल्या तरी एका डावात तुमच्या 12 च बिग बेट्स जातात. पण लिमिटमध्ये कमाईही तशीच बारीक असते, आणि चढउतार मोजायचा तो कमाईच्या तुलनेत. तासाला अर्धी बेट कमावणारा चांगला खेळाडू 100 तासांअखेर तोट्यात असण्याची शक्यता जवळपास 31 टक्के आहे. याला शांत खेळ म्हणता येत नाही.

समोरचे कच्चे असतात, हेही खरं, आणि नफा त्यांच्याकडूनच येतो. फक्त ते पत्ते टाकून डाव सोडत नाहीत. कोणतेही पत्ते घेऊन पाच जण शेवटपर्यंत थांबले, तर हातात दोन एक्के असूनही तुम्ही निम्म्याहून किंचित कमी वेळाच जिंकता. शिवाय रेक, म्हणजे पॉटमधून (डावात जमलेल्या पैशांतून) खेळ चालवणारा कापून घेतो तो वाटा. पॉटच्या 10 टक्के, जास्तीत जास्त 4, असा दर असेल तर 2-4 वर 40 च्या पॉटमधून एक अख्खी बिग बेट जाते. तोच 4 चा कमाल रेक 20-40 च्या टेबलावर बिग बेटचा दहावा भाग असतो.

रोजच्या तोट्याची मर्यादा थकलेल्या किंवा चिडलेल्या माणसाला टेबलावरून उठवते, एवढ्यासाठी ती पाळावी. पण आज उठून उद्या त्याच टेबलावर बसलात, तर गणित कालच्याच जागेवरून पुढे चालू होतं.

जिंकलेले पैसे खर्चाला काढण्याचा विषय तर या सल्ल्यात येतच नाही. जेवढं जिंकता तेवढं काढत राहिलात, तर बँकरोलच्या दृष्टीने तुमची कमाई शून्य. मग 300 काय आणि 600 काय.

बँकरोल खरोखर वाचतो तो वेळेवर खालच्या टेबलावर उतरल्याने. अर्ध्या बेटवाल्याचे 1200 चे 800 झाले, म्हणजे 200 बिग बेट्स उरल्या, की 2-4 वर बुडण्याची शक्यता 13 ते 14 टक्के. तेच 800 घेऊन 1-2 वर गेलात तर त्या 400 बिग बेट्स होतात. कमाईचा दर तोच राहिला, तर शक्यता 2 टक्क्यांच्या आत येते. रेकमुळे तो थोडा घसरेल, तरी फरक मोठाच राहतो. आणि झालेला तोटा भरून काढायला 4-8 वर चढलात, तर हातात 100 बिग बेट्स आणि बुडण्याची शक्यता 37 टक्के.