चिखलातले नातेवाईक

लग्नाच्या हॉलमध्ये एखादी मावशी दंडाला धरून विचारते, "काय रे, ओळखलंस का मला?" तेव्हा पोटात जो गोळा येतो, तोच मला दर हिवाळ्यात भिगवणला येतो. मावशी निदान बोलते तरी. चार वाक्यं तिला बोलू दिली की कुठल्या गावची, कोणाची कोण, याचा अंदाज लागतो.

उजनीचं पाणी उतरलं की काठाला चिखल उघडा पडतो आणि कुठून कुठून, काही तर पार सैबेरियाकडून आलेले पाहुणे त्यात चोची खुपसत फिरतात. त्यात फ्लेमिंगो ओळखायला अक्कल लागत नाही. शेकाट्याही सज्जन, लांब गुलाबी पायांवरून लगेच कळतो. साधी तुतवार सतत शेपूट हलवते. आमचे एक काका बसल्या जागी पाय हलवतात, तशी लांबूनच ओळखू येते. घोळ होतो तो ठिपकेवाली तुतवार आणि हिरवी तुतवार या दोघींत.

पुस्तकात दोघी पाय धुऊन शेजारी शेजारी उभ्या असतात. एकीचे पाय पिवळसर, दुसरीचे हिरवट. भिगवणला दोघींचे पाय चिखलाच्या रंगाचे. त्या पायांखेरीज हिरवीच्या अंगावर हिरवं म्हणावं असं काही नाही, ते वेगळंच. मग भुवई बघायची. ठिपकेवालीची पांढरी भुवई डोळ्याच्या बरीच मागे जाते, हिरवीची डोळ्यापाशीच संपते.

गेल्या जानेवारीत होडीपासून वीसेक फुटांवर एक बाई उभी होती. एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून, गाढ झोपलेली. भुवई आत, चोच आत, एक पायही आत. मी दुर्बीण लावून बसलो. दहा मिनिटं गेली. वीस गेली.

"साहेब, फ्लेमिंगोकडं जायचं ना?" बांबू टेकवून नावाडी म्हणाला.

"अहो, दगड नाही ना तो?" मागून सौ.

दगड उडाला. उडताना शेपटीच्या वर पांढराशुभ्र चौकोन चमकला आणि मी ओरडलो, "हिरवी!" ओरडल्यावर आठवलं, की तो चौकोन दोघींनाही असतो. बघायचा असतो पंख, तोही खालून. काळपट असेल तर हिरवी, फिकट असेल तर ठिपकेवाली. पण तोवर मी लेन्सचं झाकण पाण्यात पाडून त्याच्यामागे वाकलो होतो. आवाजावरूनही सांगता आलं असतं. ठिपकेवाली 'चिफ्-चिफ्-चिफ्' करते, हिरवीचा सूर गोड आणि चढा. नेमका नावाड्याचा फोन वाजला. त्याची रिंगटोन मात्र मी अजूनही ओळखेन.

वहीत लिहिलं: 'तुतवार, १. आडनाव कळलं, नाव नाही.' मग कुंभारगावात मासे जेवलो. ताटातला मासा कुठला ते वाढणाऱ्याने न विचारता सांगितलं, केवढं बरं वाटलं!

पुढच्याच महिन्यात पुण्यात लग्न होतं. अक्षता पडल्या आणि दंडावर हात पडला. "काय रे, ओळखलंस का मला?"

सवयीने माझी नजर आधी पायांकडे गेली. मान खाली गेलेली बघून मावशी गहिवरली. "असू दे, असू दे," म्हणाली, "औक्षवंत हो!" आता वाकणं भागच होतं. वाकलो. पाय स्वच्छ होते, पण त्यावरून काही कळलं नाही.