राष्ट्रपतींची निवड सह्यांनी रद्द होत नाही

'लाखभर ऑनलाइन सह्या जमवा किंवा उच्च न्यायालयात जनहित याचिका टाका, राष्ट्रपतींची निवड रद्द होईल' हा फिरणारा संदेश चुकीचा आहे. राज्यघटनेच्या कलम 71 नुसार हा वाद फक्त सर्वोच्च न्यायालयात चालतो. राष्ट्रपती-उपराष्ट्रपती निवडणुकीच्या 1952 च्या कायद्याप्रमाणे याचिका उमेदवाराने किंवा किमान 20 मतदारांनी मिळून करायची. मतदार म्हणजे निवडून आलेले खासदार आणि विधानसभांचे आमदार, तुम्ही-आम्ही नव्हे. मुदत निकाल प्रसिद्ध झाल्यापासून 30 दिवस. लाच, गैरवाजवी दबाव, चुकीने स्वीकारलेला वा फेटाळलेला उमेदवारी अर्ज असे ठोस कारण लागते. हरलेले उमेदवार पी. ए. संगमा यांनी 2012 मध्ये निवडून आलेल्या प्रणव मुखर्जींविरुद्ध लाभाच्या पदाचा (सरकारी लाभाचे पद असलेल्याला ही निवडणूक लढवता येत नाही) मुद्दा काढला. पाच न्यायाधीशांच्या पीठाने याचिका 3 विरुद्ध 2 अशी प्राथमिक टप्प्यावरच, नियमित सुनावणीआधी फेटाळली. मोर्चे, सह्या खुशाल करा, पण ते आमदार-खासदारांवर दबाव म्हणून.