बे-लीफ फार्महाऊस: चिमणी नसलेल्या घराची बाजू

इंग्लंडमध्ये ससेक्समधल्या सिंगलटनच्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयातलं बे-लीफ फार्महाऊस, त्यावरचा माझा लेख वाचून तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. ज्या घराला चिमणी नाही, खिडकीला काच नाही, त्याची कसली आलीय वास्तुरचना? आणि दुसऱ्या गावाहून उचलून आणलेलं घर म्हणजे निव्वळ सिनेमाचा सेट.

चिमणी नाही, हे खरंच. पण सगळी गोम तिथेच आहे. १५व्या शतकाच्या सुरुवातीच्या या घरात मधल्या मोठ्या दालनात जमिनीवरच विस्तव पेटायचा. त्यावर माळा घातला असता तर माणसं धुरात घुसमटली असती, म्हणून दालन थेट छपरापर्यंत मोकळं. धूर वर जाऊन कौलांच्या फटींतून बाहेर पडायचा. वरच्या खोल्या फक्त दोन टोकांना, आणि एकीतून दुसरीत जायचं तर खाली उतरून दालन ओलांडायचं! बाहेरचं रूपही त्यातूनच आलंय. टोकांचे वरचे मजले पुढे झुकलेले, दालनाला वरचा मजलाच नाही म्हणून त्याची भिंत मागे. छप्पर मात्र सगळ्यांवर एकच, सरळ. त्यामुळे दालनासमोर वळचण चांगलीच बाहेर येते आणि तिला दोन्ही बाजूंनी वाकड्या लाकडांचे टेकू दिलेत. याला रचना नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? काचेचं म्हणाल तर ती तेव्हा महाग होती. उभे लाकडी गज आणि झडपा यांवर भागायचं. आणि हे काही गरिबाचं खोपटं नव्हे, खाऊनपिऊन सुखी कुळाचं घर आहे.

आता सेटबद्दल. हे घर केंटमधलं. बॉ बीचला धरण होणार, जागा पाण्याखाली जाणार, म्हणून १९६०च्या दशकात ते उतरवलं. उतरवलं नसतं तर आज त्यावर वाद घालायलाही काही उरलं नसतं. शिवाय ओकचा सांगाडा, खाचेत बसवलेले सांधे, त्यांत लाकडी खुंट्या. सुतार असा सांगाडा आधी जुळवून पाहत, तुकड्यांवर खुणा कोरत, मग सुटा करून जागेवर उभा करत. म्हणजे सुटं होऊन पुन्हा उभं राहणं हे अशा घराच्या मुळातच आहे. मधल्या कुडाच्या भिंती नव्याने लिंपता येतात. वाशांवरची जुनी काजळी मात्र कोणी सेटवाल्याने फासलेली नाही.

मला बोचणारा आक्षेप एकच आहे, आणि तो तुम्ही घेतलाच नाहीत. पुढच्या काळात या घरात चिमणी आली होती, दालनावर माळाही पडला होता. उभारताना संग्रहालयाने ते वगळून जुनं रूप परत आणलं. मधल्या पिढ्यांचं घर त्यात गेलं. तरी मी या निर्णयाच्या बाजूने आहे, कारण चिमणीनंतरचं घर बघायला तिथेच १६०९चं पेंडीन फार्महाऊस आहे: मधोमध विटांची चिमणी आणि घरभर सलग वरचा मजला.