टरफलं आणि सरासरी

शेंगा मी खाल्ल्या नव्हत्या, तरी टरफलं माझ्याच पदरी आली. शेजारच्या खुर्चीतले काका दादरहून न्यू जर्सीला लेकीकडे आलेले, निवृत्त मुख्याध्यापक. ‘बाबांना काहीतरी अमेरिकन दाखवू’ म्हणून जावयाने त्यांना डबल-ए (मोठ्या लीगच्या दोन पायऱ्या खालच्या) बेसबॉलच्या सामन्याला आणलं आणि बिअर आणायच्या मिषाने स्वतः गायब झाला. इथे टरफलं खुशाल पायाशी टाकतात, तशी रीतच आहे, असं मी सांगितलं. ‘‘छे छे, परक्या देशात घाण?’’ असं म्हणून काकांनी ती माझ्या पॅडवरच्या तक्त्यावर नीट रचली, कागद ओढून पुडी बांधली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकून आले. वर ‘थँक्यू’ची वाट बघत उभे राहिले.

त्या कागदावर एका एकवीस वर्षांच्या शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाला) पडलेला प्रत्येक चेंडू होता. वेगवान फास्टबॉल की वळणारा स्लायडर, स्ट्राइक झोनच्या (हिटरसमोरच्या वैध चौकटीच्या) आत की बाहेर, बॅट फिरवली की सोडला, फाउल म्हणजे रेषेबाहेर गेला तर कुठल्या बाजूला. हे हाताने लिहावं लागतं, कारण एक पायरी वरच्या ट्रिपल-एमधल्या चेंडूंचे वेग नि कोन आता घरबसल्या बघता येतात, पण डबल-एचे संघांकडेच राहतात. कॅमेरे डोक्यावर टांगलेले, आकडे कुलुपात, आणि तिकीट काढणाऱ्याने पेन्सिल चावत बसायचं.

‘‘पण त्या फळ्यावर लिहिलंय की,’’ काका म्हणाले. ‘‘पॉइंट दोनशे एकतीस. म्हणजे शंभरात तेवीस. नापास.’’

मी म्हटलं, काका, ही सरासरी, म्हणजे किती वेळा हिट करून बेस गाठला ते, हा या वयात सर्वांत खोटा आकडा. मैदानात पडलेल्या चेंडूंपैकी साधारण तीस टक्के हिट होतात. महिनाभर नशीब फिरलं तर ते वीसही होतात नि चाळीसही. सरासरी खरं बोलायला लागेपर्यंत अख्खा मोसमही पुरत नाही. त्याउलट स्ट्राइकआउटचं (तीन स्ट्राइकवर बाद होण्याचं) प्रमाण बॅटिंगच्या साठेक पाळ्यांत, वॉकचं (झोनबाहेरचे चार चेंडू सोडून फुकट पहिला बेस मिळण्याचं) सव्वाशेच्या आसपास बऱ्यापैकी स्थिर व्हायला लागतं.

‘‘मग त्याला मार्क किती?’’

इथे मी चूप बसायला हवं होतं. पण विषय निघाला की राहवत नाही. खेळाडू हेरणारे स्काउट लोक २० ते ८० च्या पट्टीवर मार्क देतात, असं मी सांगून बसलो. काकांचे डोळे चमकले.

‘‘लेखी ऐंशी, तोंडी वीस?’’

‘‘नाही. वीस सगळ्यांत कमी, पन्नास म्हणजे मोठ्या लीगमधली सरासरी, ऐंशी म्हणजे लाखात एक.’’

‘‘शून्य नाहीच? नुसतं हजर राहिल्याबद्दल वीस? मग ही तोंडीच झाली.’’

‘‘तसं नाही, काका. पाच विषय असतात. हिट करणं, ताकद, धावणं, फेक, क्षेत्ररक्षण.’’

‘‘बेस्ट ऑफ फाइव्ह! आणि हस्ताक्षराचे?’’

पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं. त्यांना मराठी येत नसावं, पण मी हरतोय हे कळत होतं.

खरं तर धावणं हा एकच विषय असा आहे, की त्यात वाद होऊ नये. बॅटचा आवाज आला की घड्याळ सुरू, पाय पहिल्या बेसवर टेकला की बंद. उजव्या हाताच्या हिटरला ४.३ सेकंद म्हणजे पन्नास, डावखुऱ्याला ४.२, कारण तो बेसच्या जवळ उभा असतो. तेही तो जीव तोडून धावला तरच. सरळ हातात गेलेल्या चेंडूवर निम्मे जण जॉगिंग करतात. काकांनी माझं घड्याळ मागून घेतलं आणि जावयाची वेळ लावली.

बाकी सगळं बघण्यात आहे. वेगवान चेंडूवर फाउल सरळ मागच्या जाळीत जातोय? टायमिंग बरोबर. उजव्या हाताचा पोरगा सारखा पहिल्या बेसच्या बाजूला फाउल मारतोय? बॅट उशिरा येतेय. झोनबाहेरच्या स्लायडरमागे धावणं एक वेळ सुधारतं. झोनच्या आतल्या साध्या फास्टबॉलवर बॅट हवेत फिरली, तर मात्र मला धडकी भरते. मंगळवार ते रविवार एकाच संघाशी सहा सामने असतात, म्हणून मंगळवारचा पिचर (चेंडू टाकणारा) कधीकधी रविवारी पुन्हा समोर येतो. दुसऱ्या भेटीत पोरगा काय सोडतो ते बघायचं. आणि वय! एकवीसच्या पोराने डबल-एमध्ये तग धरणं वेगळं, पंचविशीतल्याने तिथेच होम रन ठोकणं वेगळं.

लीगचंही तसंच. ब्रँडन वुडने २००५ मध्ये कॅलिफोर्निया लीगमध्ये ४३ होम रन मारले. हिटरांना मोकळं रान असलेली लीग ती. मोठ्या लीगमध्ये त्याची सरासरी राहिली .१८६.

‘‘कळलं,’’ काका पहिल्यांदाच गंभीर झाले. ‘‘कांगा लीगमध्ये ओल्या विकेटवरच्या तीस म्हणजे ब्रेबॉर्नवरच्या ऐंशी.’’

मला गहिवरून आलं. अगदी हेच! म्हणून मी बास्केटबॉल सोडून बेसबॉल खेळायला आलेला मायकेल जॉर्डनही सांगून टाकला. १९९४, बर्मिंगहॅम, डबल-ए. सुरुवातीला सलग तेरा सामन्यांत हिट. मग पिचरांनी वळणारे चेंडू टाकायला घेतले नि मोसमाअखेर .२०२, स्ट्राइकआउट ११४. आणि उलट न्यूयॉर्क यांकीजचा आरन जज: २०१६ मध्ये मोठ्या लीगमध्ये आला तेव्हा ८४ अ‍ॅट-बॅटमध्ये ४२ स्ट्राइकआउट, सरासरी .१७९. पुढच्याच वर्षी ५२ होम रन.

‘‘म्हणजे चांगला खेळला तरी सांगता येत नाही, वाईट खेळला तरी सांगता येत नाही. आणि याचे तुम्ही तक्ते भरता?’’

तेवढ्यात आमचा पोरगा प्लेटवर आला. दोन चेंडू. दुसरा बाहेर वळणारा स्लायडर, बॅट हवेत. काकांनी शेंग फोडली.

‘‘पुढचा खांदा आधीच उघडतोय. पाय लेगला काढतो. बाहेरचा चेंडू याला पुरायचा नाही. लिहून ठेवा.’’

‘‘कशावर?’’ मी विचारलं. ते त्यांना लागलं नाही.

राग त्याचाच आहे. निदान बरोबर होतं. पण असं निदान तर डगआउटमधल्या कोचनेही केव्हाच केलेलं असणार. प्रश्न एवढाच, की पोरगा तो पाय ऑगस्टपर्यंत सरळ टाकायला शिकतो का, आणि शिकला तर आतल्या फास्टबॉलला उशीर होतो का. बहुतेकदा एक भोक बुजवलं की दुसरं पडतं. ते कळायला शेकडो चेंडू लागतात. दोन चेंडूंत ‘नापास’ म्हणणारे घरोघर आहेत, इथल्या रेडिओवरही आहेत. डबल-एच्या या पोरांना २०२३ च्या करारात वर्षाचे कमीत कमी ३०,२५० डॉलर ठरले. तेवढ्यात त्यांनी बसचे प्रवासही करायचे आणि अशा परीक्षकांसमोर उभंही राहायचं.

जावई सातव्या इनिंगला उगवला. काकांनी त्याची वेळ त्याला सेकंदांसकट सांगितली. पुढच्या आठवड्यात त्यांचं मुंबईचं विमान आहे, म्हणजे निकाल लागेल तेव्हा जाब विचारायला ते इथे नसणार. माझा नंबर मात्र घेऊन गेलेत. ‘‘सुधारला तर कळवा,’’ म्हणाले.

कळवीन कशाला?