घर बघायला जाताय? भीड बाळगा

घर घ्यायचं ठरवलंत, अभिनंदन. आता पहिलं पथ्य पाळा: बोलणं कमी करा. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण ज्याने कुणी काढली, त्याला घर दाखवताना कुणी पोहे खायला दिले नसावेत. समोरच्याच्या सोफ्यावर बसायचं, वरून खोबरं-कोथिंबीर पेरलेले त्याचे पोहे खायचे आणि तोंड पुसता पुसता विचारायचं, "या भिंतीला ओल येते का हो?" असं बोलायला काळीज दगडाचं लागतं. तुमचं तसं नाही. माझंही नव्हतं. म्हणून तर २०२० च्या फेब्रुवारीत मी सांगलीत एक बैठं घर घेतलं आणि त्या व्यवहारात कुणाचंही मन दुखावलं नाही. आमचं घर नेमकं कुठं आहे ते इथं लिहीत नाही. कारण पुढं कळेलच.

घर बघायला जावं ते फेब्रुवारीतच. रविवार, सकाळी अकरा, स्वच्छ ऊन. कृष्णामाई पात्राच्या तळाशी निपचित पडलेली असते, डास कमी असतात, गटारं कोरडी असतात. एजंट ही वेळ तुमच्या सोयीसाठी काढतो, त्याचे आभार माना. जुलैत भर पावसात छत्री घेऊन घर बघायला जाणारे काही विकृत लोक असतात. गच्चीवर पाणी कुठं साचतं, रस्त्याचं पाणी फाटकातून आत येतं का, हे बघत ते उभे राहतात. त्यांना कुणी चहासुद्धा विचारत नाही.

आता पाण्याचा विषय. सांगलीच्या माणसाला पाणी कळतं, यात वाद नाही. ऑगस्ट लागला की दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे एकच विचारतात, "आयर्विनला किती?" कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. कोयना धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं, अलमट्टी धरणातून पुढं किती गेलं, यावरून कट्ट्यावर मैत्र्या तुटतात. २००५ ला पाणी कुठल्या पायरीवर होतं, २०१९ ला ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा कुठल्या, हे लोक बोटं लावून दाखवतात. आणि हाच माणूस घर विकत घ्यायला गेला की नदीचं नावसुद्धा काढत नाही. मालकाला वाईट वाटेल ना!

त्याऐवजी तो मोबाईल काढतो आणि होकायंत्र लावतो. उत्तर कुठं आहे, ईशान्य कोपरा मोकळा आहे का, स्वयंपाकघर आग्नेयेला येतं का. मीही लावलं होतं. आमच्या घराचं सगळं वास्तुशास्त्रात चोख बसत होतं. उत्तर कुठं आहे हे अंशात कळलं, नदी कुठं आहे हे विचारायचं राहिलं.

हॉलच्या भिंतींना खाली साडेचार फुटांपर्यंत लाकडासारखी दिसणारी पीव्हीसीची पॅनेलं होती, वर फिकट पिस्ता रंग. "हल्ली हीच फॅशन आहे, वहिनी," एजंट म्हणाला. बायकोला पिस्ता आवडला. पॅनेलवर टिचकी मारून बघावं असं माझ्या मनात आलं होतं, पण मालक शेजारीच उभे होते. दुसऱ्याच्या घरात भिंती वाजवायच्या म्हणजे काय, आपण काय रझाकार आहोत? लाइटची सगळी बटणं माझ्या डोक्याच्या उंचीवर होती. मी नुसतं वर बघितलं तर एजंटच म्हणाला, "लहान मुलांचा हात पोचू नये म्हणून, साहेब." मला गहिवरून आलं. इतका मुलांचा विचार करणारा मालक! त्याला मूलबाळ नव्हतं, हे नंतर कळलं.

बाहेर आलो तर शेजारच्या कंपाउंडच्या भिंतीवर खांद्याइतक्या उंचीला एक मातकट रेघ आडवी गेली होती आणि तिच्यावर लाल ऑइलपेंटने लिहिलं होतं: २०१९. मी समजलो, बांधकामाचं साल असेल. नवीन वस्ती आहे म्हणून बरंही वाटलं. मालक आपली भिंत रंगवू शकतो, शेजाऱ्याची नाही, एवढी साधी गोष्ट. पण पोहे खाऊन आलेल्या माणसाला ती सुचत नाही. शेजारी दारातच मिश्री लावत बसले होते. त्यांच्याशी दोन शब्द बोललो असतो तर सगळी हकिकत कळली असती, अगदी गाळ काढायला किती दिवस लागले ते सुद्धा. पण विकणाऱ्याच्या पाठीमागे शेजाऱ्याकडे चौकशी करणं हे आपल्या संस्कारात बसत नाही. बसवूही नका.

नकाशावर पाटबंधारे खात्याच्या दोन पूररेषा असतात. निळीच्या आत साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल रेषेच्या आत १०० वर्षांतून एकदा येणारा. निळीच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मध्ये अटी. हे नकाशे बघत बसू नका, डोळ्यांना त्रास होतो. एजंटला विचारा, तो हिशेबात पक्का असतो. मला म्हणाला, "साहेब, शंभर वर्षांतून एकदा येतो म्हणतात ना? २००५ ला आला, २०१९ ला आला. म्हणजे दोनशे वर्षांचा कोटा संपला." पुढं २०२१ च्या जुलैत पाणी घरात आलं तेव्हा त्याला फोन केला. म्हणाला, "आता तर तीनशे वर्षं बघायला नको."

त्या वेळी पाणी २०१९ पेक्षा कमीच होतं, गुडघ्याच्या जरा वर. तिसऱ्या दिवशी ओसरल्यावर आलो तर एक पॅनेल सुटून दिवाणावर आडवं पडलेलं, आणि मागं भिंतीला हातभर लोणा, ओलीनं फुटलेलं पांढरं मीठ. त्याच्या वर जुनी रेघ, शेजाऱ्याच्या रेघेला अगदी समांतर. आधीच्या मालकाने बटणं त्या रेघेच्या वर बरोबर एक वीत ठेवली होती. माणूस मापाला पक्का. दाराच्या प्लायवूडच्या फळ्या खालून फुगून पुस्तकासारख्या उघडल्या होत्या. त्या आधीही एकदा उघडल्या असणार, कारण खाली नवीन पट्टी मारलेली होती. तीसुद्धा मी बघितली होती. मला डिझाइन वाटलं होतं.

तडे बघायचे असतील तर लांबून बघा. आपल्याकडं बऱ्याच भागात काळी माती. पाऊस झाला की फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि पाया उथळ असेल तर घर तिच्याबरोबर फुगडी घालतं. खिडकीच्या कोपऱ्यातून भिंतीवर तिरकी चढत गेलेली चीर दिसली आणि तिच्यात दहाचं नाणं कडेनं आत जात असलं, तर नाणं पटकन खिशात घाला. नाणी हल्ली मिळत नाहीत. एजंट म्हणेल, "प्लास्टरचं आहे." खांबाला उभी चीर आणि तिच्यातून तांबूस ओघळ आला असेल तर तेही प्लास्टरचंच. आत गंजून फुगलेलं लोखंडही प्लास्टरचंच असतं.

गच्चीखालचा फ्लॅट असेल तर एजंट म्हणतो "टॉपला हवा छान", याहून जास्त काही विचारायचं नसतं. न्हाणीघरात बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडं जातं की दाराकडं, हेही बघायचं नसतं. कुणाच्या न्हाणीघरात पाणी ओतणं कसं दिसतं?

कागदपत्रांत मात्र भीड सगळ्यात जास्त कामाला येते, म्हणून इथं थोडं थांबतो.

डिजिटल सहीचा सातबारा सरकारी संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. चाळीस लाखांचं घर घेताना हे १५ रुपये वाचवा. मालकाने फोनवर पाठवलेला फोटो असतोच, वर सकाळचं 'शुभ प्रभात' पण असतं. त्या फोटोत 'इतर हक्क' हा रकाना नेमका कापला गेलेला असतो. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा तिथंच लिहिलेला असतो, पण कापला गेला म्हणजे देवाचीच इच्छा. भोगवटादार वर्ग २ असं कुठं दिसलं तर दुसऱ्या नंबराने पास झाला असं समजा. अशी जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही, ही बारीक अडचण खरेदीनंतर समजून घेता येते.

आणि बहिणी. सांगली जिल्ह्यात घर घेताना बहिणीचा विषय काढणं म्हणजे लग्नात श्राद्धाच्या गप्पा. वडिलोपार्जित घर, वडील वारलेले, दोन भाऊ सही करायला तयार आणि तीन बहिणी इस्लामपूर, तासगाव आणि कऱ्हाडला दिलेल्या. "त्यांची लग्नं झाली की हो," थोरला भाऊ म्हणतो. लग्नात मानपान केलेला असतो, रक्षाबंधनाला साडी दिलेली असते, म्हणजे कायदा पूर्ण झाला. मुलींनाही मुलांइतकाच हक्क देणारी दुरुस्ती २००५ साली झाली, पण त्याच साली सांगलीत पूर होता. लोकांचं लक्ष दुसरीकडं होतं. नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र मागाल तर भाऊ दुखावतील. त्यापेक्षा खरेदीनंतर तासगावच्या बहिणीच्या वकिलाची नोटीस आली की तिला चहाला बोलवा. माझ्या एका मित्राने बोलावलं होतं. ती आली, पोहे खाल्ले, पाचवा हिस्सा मागितला.

गुंठेवारीबद्दल सांगलीकरांना मी काय सांगणार? शेत तुकडे करून विकलं, बिनशेती नाही, मंजूर आराखडा नाही, रस्ता नऊ फूट, आणि ड्रेनेज म्हणजे जिकडं उतार तिकडं. २००१ साली या प्लॉटांसाठी कायदाच झाला आणि पुढं नियमित करण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटांना वाढवून मिळाली. म्हणून विकणारा म्हणतो, "गुंठेवारी आहे, पण होऊन जाईल." हे 'होऊन जाईल' दस्तात कुठं लिहिलंय का, असं विचारू नका. प्रमाणपत्र झालंय का, की नुसता अर्ज केल्याची पावती आहे, असंही विचारू नका. पावतीवर शिक्का असतो. शिक्का बघितला की आपल्याला समाधान वाटतं, ते टिकवा.

तीस वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी, वकिलाकडून काढावा म्हणतात. काढाच, पण एजंटच्या ओळखीच्या वकिलाकडून. आमचा वकील एजंटचा भाचा होता, त्यामुळं अहवाल दुसऱ्याच दिवशी आला आणि त्यात एकही हरकत नव्हती. त्यात आमच्या घराचा सिटी सर्व्हे नंबरही नव्हता, पण टायपिंग सुरेख होतं.

विसार द्यायची वेळ आली की मात्र घाई करा. "सायंकाळी दुसरी पार्टी येणार आहे, मिरजेची," असं एजंट सांगतो. ही मिरजेची पार्टी गेली कित्येक वर्षं सांगलीतलं प्रत्येक घर सायंकाळी बघायला येते आहे, अजून तिला एकही मिळालेलं नाही. तिचं मन मोडण्यासाठी आपण दोन लाख रोख देतो, पावती न घेता. पावती मागणं म्हणजे अविश्वास.

असो. आता खरं कारण. आमचं घर आम्ही विकायला काढलंय.

नवीन पॅनेलं बसवली आहेत, या वेळी पाच फुटांपर्यंत. बटणं आधीपासून वरच होती, ती तशीच ठेवली. शेजाऱ्यांना मी स्वतः ऑइलपेंटचा डबा नेऊन दिला आणि म्हणालो, दिवाळी येतीय, कंपाउंड रंगवून घ्या, पैसे राहू द्या. त्यांनी रंगवलं आणि लगेच वर नवं लिहिलं: २०२१. मी कपाळाला हात लावला. एका कोपऱ्यात पॅनेल नीट चिकटेना म्हणून तिथं बायकोने पतसंस्थेचं मोठं कॅलेंडर लावलं.

परवा रविवारी अकरा वाजता एक तरुण जोडपं आलं. मुलगा बँकेत, मुलगी शिक्षिका, दोघंही अतिशय सुसंस्कृत. मुलाने होकायंत्र लावलं. मुलीला पिस्ता रंग आवडला. मनात म्हटलं, लक्ष्मी आली.

त्यांच्याबरोबर त्यांची आजी होती. नदीकाठच्या हरिपूरची. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, चपला दारात काढताना उंबऱ्याला हात लावून बघितला. सोफ्यावर बसली नाही. सरळ कोपऱ्यात गेली, कॅलेंडर एका बोटानं बाजूला केलं, पॅनेलच्या फटीत नख घातलं आणि नखाखाली आलेलं पांढरं चिमूटभर बोटांत चोळून नाकाशी नेलं.

"पाणी कुठवर आलतं रं, बाळा?"

नातू लाजला. "आजी, असं काय विचारतेस?" म्हणाला. मी त्याच्याकडं बघून हसलो, पोरगा चांगल्या वळणाचा आहे. बायकोने बशी पुढं केली.

"आजी, पोहे घ्या की. गार व्हायला लागलेत."

आजीनं बशी घेतली, खाली भिंतीला टेकून बसली, एक घास खाल्ला.

"पोहे ब्येस झालेत. कुठवर आलतं?"