आजींच्या छायाचित्राविषयी आपण लिहिलेल्या अभिप्रायास उत्तर

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

आपला अभिप्राय वाचला. आजींचे जुने, खराब झालेले छायाचित्र दुरुस्त करण्याच्या आमच्या कामामुळे आपल्याला आणि आपल्या आईंना मनस्ताप झाला, याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. एकच तारा देताना आपण तीन तक्रारी नोंदवल्या आहेत: काम उशिरा मिळाले, पैसे मोजूनही आजींचा चेहरा धूसरच राहिला, आणि जे आम्हाला जमले नाही ते भाच्याच्या मोबाइलमधल्या फुकट ॲपने एका मिनिटात करून दाखवले. नवा ग्राहक आमच्याकडे फोटो सोपवण्याआधी हेच वाचणार आहे आणि या कामावरच आमचे घर चालते, म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर देत आहे.

उशिराबद्दल एवढेच सांगतो की आपण दिवस मोजले आहेत ते व्हॉट्सॲपवर फोटो पाठवल्यापासून. तो भिंतीवरच्या समूहछायाचित्राच्या फ्रेमचा मोबाइलने काढलेला फोटो होता, त्यावर खिडकीचा उजेड चमकत होता आणि व्हॉट्सॲपने पाठवताना त्यातला बराच तपशील दाबून टाकला होता. त्यावरून काम करता येणार नाही, मूळ छायाचित्र लागेल, हे आम्ही त्याच संध्याकाळी कळवले होते. मूळ छायाचित्र हातात आल्यापासून मोजले, तर दिलेली मुदत आम्ही पाळली आहे. यापुढे मुदत कोणत्या दिवसापासून धरली जाईल, हे पावतीवरच लिहून देण्याचा आमचा विचार आहे.

मला खरोखर लागले ते चेहऱ्याविषयीचे वाक्य. ‘चेहरा सोडून बाकी सगळे साफ केले,’ असे आपण लिहिले आहे. तो चेहरा तसा का राहिला, हे आपल्याला ठाऊक असूनही अभिप्रायात त्याचा उल्लेख नाही, म्हणून ते इथे सांगणे मला भाग आहे. जुन्या कृष्णधवल छायाचित्रात चित्र कागदात मुरलेले नसते. कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्या थरातल्या चांदीच्या बारीक कणांनी चित्र बनलेले असते. ओल लागली की जिलेटिन मऊ पडते आणि फ्रेमच्या काचेला चिकटते. अशा वेळी फोटो ओढून काढला तर कागद हातात येतो आणि चित्राचा पापुद्रा काचेवर राहतो. म्हणूनच आम्ही आपल्याला लेखी कळवले होते की फोटो काचेपासून सोडवू नका, फ्रेमसकट आणा, आम्ही काचेतूनच स्कॅन करू. फोटो आला तो मात्र सोडवलेला होता. आजींचा डावा गाल, डाव्या डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि कपाळाचा काही भाग, एवढ्या ठिकाणी कोरा पांढरा कागद दिसत होता. काच आणता येईल का, असे मी विचारले, कारण काचेवर चिकटलेला पापुद्रासुद्धा स्कॅन करून पुन्हा जागेवर बसवता येतो. ती काच टाकून दिल्याचे आपण सांगितलेत. ते घाईत झाले असेल आणि कोणाकडूनही होऊ शकते. ही गोष्ट अशी सर्वांसमोर लिहावी लागते आहे, याचे मला वाईट वाटते, पण तो दोष आमच्या हाताचा म्हणून नोंदला गेल्यावर गप्प बसणे मला शक्य नव्हते.

जेवढे चित्र कागदावर उरले होते, तेवढ्यावर आम्ही मन लावून काम केले आहे. छायाचित्र कृष्णधवल असले तरी आम्ही ते रंगीत स्कॅन केले. रंगीत स्कॅनमध्ये लाल, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांच्या वेगवेगळ्या प्रती, म्हणजे चॅनल, असतात. पिवळे-तपकिरी डाग निळ्या चॅनलमध्ये सर्वांत गडद दिसतात आणि लाल चॅनलमध्ये जवळजवळ नाहीसे होतात. त्या लाल चॅनलवरूनच खालचा मोठा डाग गेला आणि त्याच्यामागची माणसे पुन्हा दिसू लागली. कडेच्या गडद भागावर चांदी पृष्ठभागावर येऊन निळसर चकाकी धरली होती. तिथे दिवा आणि कॅमेरा या दोन्हींवर चकाकी अडवणारे ध्रुवीकरण फिल्टर लावून वेगळा फोटो घ्यावा लागला. बाकीचे ओरखडे आणि भेगा एकेक करून हाताने भरल्या आहेत. हे काम एका मिनिटाचे नव्हते आणि त्याचे पैसे घेताना आम्हाला संकोच वाटला नाही.

आता ॲपबद्दल. समूहछायाचित्रात आजींचा चेहरा जेमतेम पाच मिलिमीटर रुंद आहे. इंचाला १२०० बिंदू या दराने स्कॅन केल्यावर त्या रुंदीत साधारण २३६ बिंदू येतात, आणि त्यांतला जवळपास निम्मा भाग कोरा. चेहरे स्पष्ट करणारी जी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली अशा कामासाठी वापरली जाते, ती हा हरवलेला भाग शोधून काढत नाही, कारण तो कुठेच उरलेला नसतो. २०२१ मधली जीएफपीगॅन किंवा २०२२ मधली कोडफॉर्मर ही त्यांतली प्रसिद्ध नावे. दोन्ही प्रणाली एफएफएचक्यू नावाच्या संचावर शिकल्या आहेत आणि त्यात फ्लिकरवरून घेतलेली चेहऱ्यांची ७०,००० छायाचित्रे आहेत. त्या अनोळखी चेहऱ्यांवरून, इथे कसा डोळा आणि कसा गाल शोभेल, याचा अंदाज बांधून प्रणाली तो रेखाटते. चित्र स्वच्छ दिसते हे मी नाकारत नाही. पण आपण अभिप्रायासोबत जोडलेले चित्र मूळ स्कॅनशेजारी ठेवून पाहावे, अशी माझी हात जोडून विनंती आहे. आजींच्या उजव्या डोळ्याची पापणी किंचित खाली उतरलेली आहे. तो भाग शाबूत आहे आणि मूळ छायाचित्रात स्पष्ट दिसतो. ॲपच्या चित्रात दोन्ही पापण्या अगदी सारख्या झाल्या आहेत आणि नाकाचा शेंडाही बारीक झाला आहे. म्हणजे जे हरवले होते तेवढेच बदललेले नाही, जे वाचले होते तेही बदलले आहे.

उजवा डोळा उलटा करून डावीकडे बसवणे आम्हालाही शक्य होते. आम्ही ते मुद्दाम केले नाही. उजेड एका बाजूने पडलेला असल्यामुळे उलटवलेल्या डोळ्याची सावली चुकीच्या दिशेला गेली असती, शिवाय कोणत्याच माणसाचे दोन डोळे एकमेकांची हुबेहूब नक्कल नसतात. आम्ही गालावर आजूबाजूच्या छटेशी जुळणारी सौम्य छटा भरली आणि डोळ्याची रेष जिथे पुसली गेली होती तिथेच थांबवली. आजींचा दुसरा एखादा फोटो, किंवा त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या बहिणीचा तरी, आहे का, असे आम्ही विचारले होते. त्याला उत्तर आले नाही. चेहरा धूसर राहणार आहे, हे कच्चे चित्र पाठवताना लिहिले होते आणि ‘चालेल, पुढे करा’ असा आपला निरोप आल्यावरच अंतिम प्रत केली.

आजवर आमच्याकडे आलेल्या कोणत्याही कुटुंबाला आम्ही त्यांच्या माणसाचा चेहरा मनाने रचून दिलेला नाही, आणि पुढेही देणार नाही. त्यामुळे ग्राहक दुरावतात, हे मला दिसते आहे. यापुढे अशा कामात काय परत मिळेल आणि काय मिळणार नाही, याची कल्पना सुरुवातीला अधिक स्पष्ट शब्दांत देण्याचा प्रयत्न करू.

आजींचा त्याच बाजूने घेतलेला दुसरा फोटो नातेवाइकांकडे सापडला, तर डाव्या डोळ्याचे काम मी वेगळे पैसे न घेता पुन्हा करीन. तोपर्यंत आम्ही दिलेली टिफ फाइल (तपशील न दाबता साठवलेले चित्र) जपून ठेवावी, आणि मूळ छायाचित्र पुन्हा फ्रेम करताना काच आणि फोटो यांच्यामध्ये माउंट (पुठ्ठ्याची चौकट) घालून अंतर राखावे. ॲपचे चित्र आपण कुटुंबात वाटणार असाल, तर ते ॲपने बनवले आहे, एवढे त्याच्या मागे जरूर लिहा. हे सर्व वाचून आपल्याला पटले, तर अभिप्रायात काचेचा उल्लेख जोडावा. तारे वाढवले नाहीत तरी माझी तक्रार राहणार नाही.

आपला नम्र,
स्टुडिओचा मालक